धक्क्यापासूनची घरं

नाशिक,
दि. २४ नोव्हेंबर १९९७

प्रिय आनंदीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर तुझं नाव घालताना हात सवयीनं ‘सौ.’ लिहायला गेला आणि तिथेच थांबला. पाच मिनिटं पेन तसंच धरून बसले होते. शेवटी नुसतं ‘आनंदी’ लिहिलं. माहेरच्या माणसांनी तेवढंच लिहावं, नाही का?

कॅलमला जाऊन दीड महिना झाला. पहिल्यांदा तू त्याला घरी आणलंस, तेव्हा तुझ्या दादांनी आठ दिवस अबोला धरला होता. पुढे तोच गोरा जावई त्यांच्याबरोबर पाटावर बसून पुरणपोळी खायला लागला आणि ‘प्रतापदादा’ म्हणून हाका मारायला लागला. परवा दादा त्याचा चहाचा मग पुसून फडताळात ठेवताना दिसले. बोलत काही नाहीत. तुला ठाऊकच आहे त्यांचा स्वभाव.

पण मनात मात्र त्यांनी सगळं ठरवून टाकलंय. तू आणि तुझ्या लेकीनं, मोरूनं कायमचं इकडे यावं. इथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दादा स्वतः भेटून आले, जूनपासून मोरूला तिसरीत घ्यायला ते तयार आहेत. तुझा तो अर्धवट फोन झाला, त्यात तू म्हणालीस, की मोरूचा कुवेतचा परवाना बापाच्या नावावर होता आणि तो फेब्रुवारीअखेर संपतो. दादांचं म्हणणं, मग वाट कसली बघायची?

आणि मी? खोटं कशाला सांगू. इराक कुवेतमध्ये घुसला तेव्हा तू बाळंतपणाला इथे होतीस म्हणून वाचलीस. सव्वा वर्षाची होईपर्यंत मोरू माझ्या मांडीवर वाढली. आमच्या घरात त्यानंतर पाळणा हलला नाही. ती येणार म्हटल्यावर मला आनंद होणार नाही का? पण तुला काय हवंय ते मला कळलेलं नाही. फोनवर दादा शेजारी असतात, म्हणून हे पत्र.

मोरू बोलते का गं आता? ती त्या गाडीत होती हा विचार आला, की मी देवापुढे जाऊन बसते. एवढी गाडी उलटली आणि तिला ओरखडाही नाही, ही देवाची कृपाच. तिला माझा गोड पापा.

पत्राची वाट पाहते.
तुझी,
शर्मिलावहिनी


महबूला, कुवेत,
दि. ८ डिसेंबर १९९७

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायचा धीर झाला नाही.

आधी मोरूचं सांगते. शाळेत जेवढ्यास तेवढं इंग्रजी, घरी माझ्याशी मराठी, तेही पाणी दे, वेणी घाल इतपतच. पण बापाच्या भाषेतला एक शब्दही तिनं त्या दिवसापासून उच्चारलेला नाही. कॅलम तिच्याशी जन्मापासून गेलिकच बोलायचा. स्कॉटलंडच्या टोकाला त्यांचं लुईस बेट आहे, तिथली ही जुनी भाषा. दोघं बोलायला लागले, की मी या घरात पाहुणी असायचे. आता कोणी त्या भाषेत बोललं, तर ती उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आम्ही दर मंगळवारी अहमदीला ग्वेनच्या बंगल्यावर जातो, हे तुम्हाला मागे लिहिलं होतं. तेलकंपनीच्या गावात राहणाऱ्या, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सकडच्या बायकांचं ते मंडळ. स्वतःला केल्टिक म्हणवतात. इंग्रजी येण्याआधी त्यांच्या बेटांवर ज्या भाषा होत्या, त्या यांच्या. ग्वेन वेल्सची, मंडळाची अध्यक्ष. तिच्या पणजीला शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून गळ्यात लाकडी पाटी अडकवून उभं केलं होतं. हे ती असं सांगते, जणू कालच घडलंय. म्हणून या बायका वाळवंटात गालिचे गुंडाळून नाच शिकवतात आणि पोरांकडून जुनी गाणी घोकून घेतात. गेलिक शिकवायला त्यांच्यात बाई नव्हती, म्हणून महिन्यातून एकदा कॅलम जायचा. बायकांच्या मंडळातला एकटा पुरुष, सगळ्या त्याची थट्टा करायच्या. आता ते टेबल रिकामं असतं. मोरू नाचाच्या रांगेत उभी राहते, पाय हलवते, तोंड मिटलेलं.

आता अडचण ऐका. इथे मूल बापाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर राहतं. आई नर्स असली, सरकारी हॉस्पिटलात असली, तरी मूल तिच्या नावावर सहज चढत नाही. कॅलमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे कागदपत्रांसाठी ऑफिसं फिरणारा माणूस, मला घेऊन गेला होता. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की बापाच्या घरच्यांनी लेखी संमती दिली, तर तो अर्ज वर पाठवील. संमती नसेल, तर फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेनंतर मुलीला देश सोडावा लागेल.

बापाच्या घरचं म्हणजे माझ्या सासूबाई. कॅलमच्या बातमीनंतर तीन आठवड्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात थोडा चालतो, बोलणं परत आलंय, पण फक्त गेलिक. इंग्रजी पार पुसलं गेलं. माझ्या वॉर्डात असे पेशंट पाहिलेत, आधी शिकलेलं राहतं, मागून आलेलं जातं. म्हणजे आजवर ज्या भाषेत आम्ही सासू-सून बोललो, ती त्यांच्याकडे उरलीच नाही. मध्ये आहेत माझे दीर ईअन. त्यांना मी संमतीसाठी लिहिलंय.

वहिनी, मी नोकरी सोडून आले, तर तुमच्या घरात मला काही कमी पडणार नाही. पण मग मी कोण असेन? दहा वर्षं या हॉस्पिटलात काढली. आणि मोरूचा बाप इथल्या मातीत आहे. दादाला एवढंच सांगा, की उत्तर येईपर्यंत थांब.

तुमच्या मायेची गरज आहे, ती कमी होऊ देऊ नका.
तुमची,
आनंदी


नाशिक,
दि. २८ डिसेंबर १९९७

चि. आनंदी हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं वहिनीला आलेलं पत्र वाचलं. मला वाचून दाखवलं नाही, मी मागून घेतलं.

मी पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं काढली आहेत. सरकारी खिडकीतला माणूस ‘वर पाठवतो’ म्हणाला, की त्याचा अर्थ काय होतो ते मला तू शिकवू नकोस. परक्या देशात, परक्या कायद्यात, एकट्या बाईनं लहान मुलीला घेऊन कागदांमागे धावणं मला पसंत नाही. ईअनला दूर बसून मालकी दाखवायला काय जातं?

भाषेचं म्हणशील, तर मुलीला मराठी येते, इंग्रजी येते. जी भाषा बोलणारं आजी आणि काका सोडून तिचं जगात कोणी उरलं नाही, ती विसरली तर काय बिघडलं? उलट तिचं दुःख कमी होईल. त्या बायकांचे नाच-गाणी हा हौसेचा मामला आहे, त्यासाठी आयुष्य टांगून ठेवू नये.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी रजा टाकून स्वतः तिकडे येतो आणि मोरूला घेऊन जातो. तुझा राजीनामा तू सावकाश दे. काळजी आहे म्हणूनच कठोर लिहिलं आहे.

तुझा,
दादा


महबूला,
दि. १५ जानेवारी १९९८

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल संक्रांत झाली. रमजान चालू आहे, ऑफिसं चार तास उघडतात. मंदूब रोज जाऊन येतो आणि मान हलवतो.

ईअनभाऊजींचं उत्तर आलं. संमती नाही. पण नकारापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा धक्का बसला. त्यांनी लिहिलंय, की तुम्ही लोक मुलीला भारतात नेऊन कायमची ठेवणार आहात, तिची शाळासुद्धा ठरली आहे आणि तिला बापाच्या भाषेची गरज नाही, हे त्यांना नाशिकहूनच पत्रानं कळलं. आमच्या भावाची एवढीच खूण उरली आहे, तीही तुम्ही पुसणार असाल, तर आईची सही मागू नका. महिनाअखेर मोरगला लुईसला पाठवा, नाहीतर मी फेब्रुवारीच्या शेवटी वकिलातीमार्फत येतो, असं शेवटी आहे. ‘मोरग’ हे तिचं पूर्ण नाव त्यांनी ठळक अक्षरात लिहिलंय, जणू ‘मोरू’ हा आपला गुन्हा आहे.

नाशिकहून पत्र कोणी लिहिलं, वहिनी? शाळेचं तर आपल्या तिघांनाच ठाऊक होतं.

आता दोन्हीकडून माणसं निघालीयत. एक नाशिकहून, एक लुईसहून. दोघांचंही मोरूवर प्रेम आहे. मधे मी उभी आहे आणि माझ्याकडे कागद नाही.

मंगळवारी मी मंडळात विनंती केली, की मोरूला इथे बापाच्या भाषेचे, गाण्यांचे संस्कार मिळतायत, असं मंडळाच्या कागदावर लिहून द्या, मी ते लुईसला पाठवीन. हेलन उठली. ती मंडळाची चिटणीस, तिचा नवरा कॅलमच्याच कंपनीत आहे. तिचं म्हणणं पडलं, की हे मंडळ गाण्यानाचासाठी आहे, घरगुती दाव्यांसाठी नाही. इथल्या सरकारच्या नजरेत आलो, तर उद्या जमणंही बंद होईल. शिवाय जी मुलगी तोंडच उघडत नाही, तिला भाषा मिळतेय असं कसं लिहायचं? ती वाईट बाई नाही. खरं बोलली, म्हणूनच लागलं. ग्वेननं हात वर करायला सांगितले. दोन मतांनी पत्र नाकारलं गेलं. मोरू शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं.

नूला मात्र तिथून माझ्या मागे गाडीपर्यंत आली. ती आयर्लंडची, शाळेत संगीत शिकवते. म्हणाली, की मुलगी बोलत नसेल तर नसेल, तू बोल. सासूशी मधल्या माणसावाचून स्वतः बोल. तिची आयरिश आणि कॅलमची गेलिक या मराठी-कोकणीसारख्या सख्ख्या बहिणी. कॅलमच्या टेबलावरचं पुस्तक आणि तिचे कान, एवढ्यावर ती मला शिकवतेय. ड्यूटी संपली, की रोज तासभर. आठ वर्षं नवऱ्याची भाषा शिकले नाही आणि आता तो नसताना क्रियापदं घोकतेय. मोरू दाराआडून ऐकते. मी वाचायला लागले, की निघून जाते.

तुमच्या उत्तराकडे डोळे लागलेत. जे असेल ते खरं लिहा.

आनंदी


नाशिक,
दि. २६ जानेवारी १९९८

प्रिय आनंदीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दादांनी लिहिलं. आणि टपालात मी टाकलं.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पत्ता मी दिला, कॅलमच्या जुन्या पाकिटावरून. आत काय आहे ते मला माहीत होतं. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्या वेळी मला ते चूक वाटलं नाही. मला वाटलं, मोरू येईल. मधल्या खोलीला पिवळा रंग लावून घेतला आम्ही. खिडकीला जाळी बसवली. बाजारात गेले, की तिच्या मापाचे फ्रॉक अंगाला लावून बघावेत, तसे हवेत धरून बघते. दुकानदार विचारतो, केवढी आहे मुलगी? मी वय सांगते. बाकी काही सांगत नाही.

मी तुझी अपराधी आहे. तुझ्या घरावर आलेलं संकट माझ्या हातून पेटीत पडलं.

तुझं पत्र आलं, तेव्हा मी ते दादांच्या समोर वाचलं, सगळं, ‘माझ्याकडे कागद नाही’ इथपर्यंत. ते उठून अंगणात गेले. जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, की तुम्ही कुवेतला निघालात, तर मी माहेरी जाईन. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, असं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरात कोणी तिसरं बोललं.

रजा अजून टाकलेली नाही त्यांनी. एवढीच बातमी.

रागावली असशील तर रागाव. पण लिहायचं थांबू नकोस, तेवढी शिक्षा देऊ नकोस.
तुझी,
वहिनी


महबूला,
दि. ९ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावले होते. पत्र दोन दिवस कपाटात टाकून ठेवलं. पण आता तो राग धरायला माझ्यापाशी जागाच उरली नाही.

इकडे पुन्हा इराकशी लढाईची हवा आहे. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्यात. हॉस्पिटलात आम्हाला वायूचे मुखवटे घालून चालायला शिकवलं. मंडळातल्या चार बायका मुलांना घेऊन गावी गेल्या, हेलनही गेली. जायच्या आधी मोरूसाठी गाण्यांची वही देऊन गेली आणि दारातच रडली. पहिल्या तारखेला आयर्लंडच्या एका संतबाईचा सण होता. त्यांच्याकडे लव्हाळ्याचे क्रूस विणतात, इथे खजुराच्या पातींचे विणले. विणायला जेमतेम सहा जणी.

परवा शुक्रवारी सासूबाईंना फोन लावला. नूला माझ्या खांद्याला खांदा लावून, कान रिसीव्हरजवळ. मोरू जमिनीवर चित्र काढत होती, त्या दिवशी ती उठून गेली नाही. ईअनभाऊजींनी उचलला. मी गेलिकमध्ये म्हटलं, आईंशी बोलायचंय. त्यांनी रिसीव्हर आईंकडे दिला. मग सासूबाईंचा आवाज आला, म्हातारा झालेला, पण तोच.

पाठ केलेलं बोलू लागले. तू कशी आहेस, तुझा हात कसा आहे, मी तुझी सून. आयरिशमध्ये एका माणसाला ‘तू’च म्हणतात, लहान असो की मोठं. नूलानं तेच शिकवलं होतं. चौथं वाक्य म्हणेपर्यंत खाली बसलेली मोरू ताडकन उठली आणि ओरडली, शिव! शिव! मला वाटलं पोरीला काय झालं, देवाचं नाव का घेतेय. तिनं रडवेल्या रागानं मराठीत सांगितलं, की आजीला ‘तू’ म्हणायचं नसतं, ‘शिव’ म्हणायचं असतं, बाबा रागावतील. त्यांच्या भाषेत ‘शिव’ म्हणजे ‘तुम्ही’. आणि माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेऊन आजीशी बोलू लागली.

वहिनी, चार महिन्यांनी! आधी तुटक, मग भरभर. आजीनं काहीतरी विचारलं.  मोरूनं भिंतीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात बोलायला लागली, वीस मिनिटं. माझ्या हाती तुटके शब्द आले. गाडी. वाळू. बाबा. मला कळलं, ती त्या दिवसाचं सांगतेय. मला, पोलिसांना, डॉक्टरांना कधीच न सांगितलेलं. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला समजत नव्हतं. पुढे एकच शब्द पुनःपुन्हा, ‘ताय’, आणि कोणाकोणाची नावं. हा शब्द नूलालाही ओळखीचा, दोन्ही भाषांत जवळपास एकच. ताय म्हणजे घर. घर, घर, घर. शेवटी ती हुंदके देऊन रडली, आजी काही बोलली, आणि तिनं फोन ठेवला. मग माझ्या कुशीत येऊन झोपून गेली, भर दुपारी.

इतकं भरभर बोलणं नूलालाही कळलं नव्हतं. मीच म्हटलं, की ती घर मागतेय. आजीचं घर, तिथली माणसं. इतके दिवस दादा आणि भाऊजी तिच्यावर हक्क सांगतायत असं मला वाटत होतं. तिला स्वतःलाच तिकडे जायचंय, हे मी विचारातच घेतलं नाही. मी तिला विचारलं, आजीला काय सांगितलंस? तिनं मान फिरवली.

मी ठरवलंय. भाऊजी आले, की त्यांच्याबरोबर तिला पाठवीन. लढाई पेटली तर तिकडे ती सुखरूप तरी राहील. तिची भाषा तिकडे आहे. माझ्याजवळ राहिली, तर ती पुन्हा मुकी होईल.

 दादाला सांगा, यायची गरज नाही.

आनंदी


नाशिक,
दि. १७ फेब्रुवारी १९९८

प्रिय आनंदी,
आशीर्वाद. घाईत लिहिते, टपाल निघायला अर्धा तास आहे.

वर्तमानपत्रात रोज कुवेत असतं. काळजीनं जेवण जात नाही. तरी तुला सांगते, काही ठरवू नकोस. मी त्या पोरीला सव्वा वर्ष मांडीवर घेतलंय. तिला एखादी गोष्ट हवी असली, की ती मागते. घर हवं असतं तर तिनं तुझ्याकडे मागितलं असतं. एका शब्दावरून तिला पाठवून देऊ नकोस. तुला अर्धंच कळलंय. उरलेलं अर्धं ज्यांनी ऐकलं, त्यांना विचार. नूलाच्या मदतीनं लिही, हातवारे कर, पण विचार.

मी हे माझ्यासाठी सांगत नाही. ती कुठेही राहिली तरी माझ्या मधल्या खोलीत येणार नाही, हे मला आता समजलंय.

दादा दोन ओळी लिहितात म्हणाले.
तुझी वहिनी

चि. आनंदी, ईअनला आज मी दुसरं पत्र टाकलं. पहिलं पत्र माझ्या बहिणीला न विचारता लिहिलं होतं, ते परत घेतो, एवढंच लिहिलं आहे. इंग्रजी शब्दकोश उघडावा लागला नाही. — दादा


महबूला,
दि. ४ मार्च १९९८

ती. सौ. वहिनीस व ती. दादास,
सा. न. वि. वि.

लढाई टळली. मोरू इथेच आहे. अर्ज मुदतीच्या आत गेला आणि परवा तिचा इकामा माझ्या नावावर झाला. आता नीट सांगते.

मी विचारायच्या आधीच उत्तर निघालं होतं. तेवीस तारखेला कुरियर आला. आत सासूबाईंचं संमतीपत्र, डाव्या हातानं केलेली वाकडी सही, त्यावर लंडनच्या कुवेती वकिलातीचा शिक्का. त्या शिक्क्यासाठी ईअनभाऊजी बोटीनं आणि रेल्वेनं दोन दिवस प्रवास करून लंडनला गेले होते. बरोबर त्यांचं इंग्रजी पत्र. दादाचं दुसरं पत्र तोवर त्यांना पोचलंही नव्हतं, ते त्यांना आता मिळेल, बरंच होईल.

त्या शुक्रवारी भाऊजी दुसऱ्या फोनवरून सगळं ऐकत होते. त्यांनी लिहिलंय ते जसंच्या तसं सांगते.

आजीनं विचारलं होतं, माझा मुलगा शेवटी काय बोलला? मोरूनं सांगितलं. वफ्राच्या रस्त्यावर धुळीत गाडी उलटली. ती बाहेर पडली, बाबा स्टिअरिंगखाली अडकले. माणसं यायला फार वेळ लागला. बाबा तिला म्हणाले, की मला झोप येतेय, तू बोलत राहा. आजीच्या गावात बोटीच्या धक्क्यापासून ओळीनं घरं आहेत, ती मला एकेक सांग. उन्हाळ्यात गेलो, की कॅलम तिला रोज ती घरं म्हणायला लावायचा. ती सांगत गेली. मर्डोचं घर, शिंप्याचं घर, लाल दाराचं घर. टपालकचेरीपर्यंत आली आणि पुढचं घर आठवेना. बाबा म्हणाले, पुढे? तिला आठवेना. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

वहिनी, पोरीनं चार महिने हे एकटीनं छातीत ठेवलं होतं. तिला वाटत होतं, पुढचं घर आठवलं असतं तर बाबा जागे राहिले असते. म्हणून त्या भाषेचा एक शब्दही तिला तोंडात नको होता. आणि मी ‘घर’ एवढंच ऐकून तिची बॅग भरायला निघाले होते.

आजीनं तिला काय सांगितलं माहीत आहे? टपालकचेरीच्या पुढे घरच नाही, पुढे समुद्र आहे. तू सगळी घरं सांगितलीस, एकही राहिलं नाही.

भाऊजी लिहितात, की टपालकचेरीच्या पुढे वळणाआड आणखी पाच घरं आहेत. आई कडक देवभक्त, रविवारी शिवणाची सुईही हातात धरत नाही. त्रेचाळीस वर्षांत तिला खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवल्यावर तिनं मला कागद आणायला सांगितला. म्हणाली, जी सून तोंडं वेंगाडत का होईना माझ्या भाषेत माझी चौकशी करते, तिच्याकडून मूल काढून घ्यायचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते तू तुझ्या मनानं लिहिलंस. भाऊजींनी हे स्वतःविरुद्ध लिहिलंय. पूर्वीच्या पत्राबद्दल माफी मागितलीय.

अट एकच, जुलैमध्ये आम्ही दोघींनी तिकडे जावं. आणि एक प्रश्न त्यांनी विचारलाय. मोरू आली, की वळणाआडची ती पाच घरं तिला दिसतील, तेव्हा काय करायचं? मी कळवलंय, की दिसू देत. तेव्हा आजी शेजारी असेल, काय ते तीच सांगेल. ऑगस्टमध्ये परतताना नाशिकला पंधरा दिवस येऊ. पिवळी खोली तयार ठेवा. दादा, त्या पंधरा दिवसांत तिला पोहायला शिकव, मी शिकले नाही.

मी तिला अजून सांगितलेलं नाही, की मला कळलंय. ती सांगेल तेव्हा ऐकेन. घाई नाही.

काल मंगळवार. ग्वेनकडे आठ जणी जमल्या. मोरू आपण होऊन कॅलमच्या टेबलाशी जाऊन बसली आणि मला समोरच्या खुर्चीवर बस म्हणाली. वही नाही, पुस्तक नाही. म्हणाली, की धक्क्यापासून सुरू कर. मी सुरू केलं. चौथ्या घराला अडकले. बाकीच्या बायका आपापलं काम सोडून बघत होत्या, ग्वेननं तोंड फिरवलं. मोरू थांबली. रागावली नाही, घाई केली नाही. मग तिनंच पुढचं घर सांगितलं, आणि आम्ही पुढे गेलो.

दोघांनाही नमस्कार. आजवर सांभाळलंत, तसंच यापुढेही सांभाळा.

तुमची,
आनंदी